इंजिन ‘मिसिंग’ का करते? घरच्या घरी करावयाची तपासणी

संस्थेच्या वाटचालीविषयी या स्मरणिकेत इतरांनी विस्ताराने लिहिले आहेच. आम्ही अशा एका विषयाकडे वळत आहोत, जो येथून शिकून बाहेर पडलेल्या पुष्कळांच्या रोजच्या चरितार्थाशी निगडित आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत टॅक्सी चालवणारे आहेत, शाळेच्या मुलांची ने-आण करणारे आहेत. आणि कुटुंबातली पहिली मोटार, तीही जुनी आणि हप्त्यावर, घेतलेले तर कितीतरी आहेत. अशी गाडी एखाद्या सकाळी उभ्या जागी थरथरू लागते, चढावर झटके खाते. मिस्त्री सांगतो, ‘मिसिंग करतेय, प्लग बदलू, नाही जमले तर कॉइल बदलू, मग इंजेक्टर पाहू.’ तिन्ही बदलून होतात, थरथर तशीच राहते, आणि हप्त्याची तारीख काही पुढे जात नाही. आमच्या मते यातला बराचसा खर्च टाळता येण्याजोगा आहे. बिघाड कोणत्या सिलिंडरात आहे आणि कशामुळे आहे, हे एकही नवा भाग विकत न घेता पुष्कळ अंशी ठरवता येते.

चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन गाडी उभी असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. म्हणजे चारही मिळून मिनिटाला १,६०० ज्वलने. त्यांतले एक चुकले की त्या क्षणी क्रँकशाफ्टला मिळायचा रेटा मिळत नाही आणि गाडीच्या अंगातून एक धक्का जातो. एक सिलिंडर पूर्णच निकामी झाला, तर इंजिन तीन पायांवर लंगडत चालल्यासारखे वाटते. ज्वलनाला तीन गोष्टी लागतात : वेळेवर पडणारी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन आणि हवा, आणि पिस्टनने मिश्रण दाबल्यावर टिकून राहणारा दाब. मिसिंगची यच्चयावत कारणे या तिहींपैकी कशात तरी बसतात. (तीन सिलिंडरांची इंजिने मुळातच थोडी हलतात, हेही लक्षात असावे. नव्याने तशी गाडी घेतलेल्यांना तो दोष वाटतो. तो दोष नव्हे.)

तपासणीपूर्वी डॅशबोर्डवरील इंजिनाच्या पिवळ्या दिव्याकडे पाहावे. दिवा स्थिर जळत असेल, तर सावकाश गाडी चालवून घरी जाता येते. तो लुकलुकत असेल, तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. चुकलेल्या ज्वलनातले पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जाते आणि वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप दिलेली त्यातली चिनी मातीसारखी जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. काही शे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष केल्याने हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो, तो असा. अशी तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर उभी करणेही धोक्याचे आहे.

मिसिंग केव्हा होते, हा पुढचा प्रश्न. आणि अनुभव असा, की याचे नीट उत्तर देणारा मालक निम्मे काम करून टाकतो. उभ्या गाडीत थरथर आहे, पण वेग वाढवला की नाहीशी होते, असे असेल तर कोठून तरी जादा हवा आत शिरत असण्याचा संभव मोठा. इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली एखादी रबरी नळी तडकलेली असते. कान दिला तर बारीक सुस्कारा ऐकू येतो. चढावर किंवा गाडी भरलेली असताना झटके येत असतील, तर ठिणगी कमकुवत समजावी, कारण दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. फक्त सकाळी थंड असताना होत असेल, किंवा गाडी धुतल्यावर, पावसात भिजल्यावर होत असेल, तर प्लगच्या खोबणीत पाणी अथवा तेल उतरले आहे का, ते पाहावे. पावसाळ्यात बिळे बुडाली की उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात. कुरतडलेली एक वायरही पुरेशी असते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला तर एक आयती चाचणी उपलब्ध आहे. इंधनाचे बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्यावी. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल प्रथम सीएनजीवर उघडी पडते. पेट्रोलवर गाडी सुरळीत आणि सीएनजीवर मिसिंग, असे दिसले तर आधी प्लग व कॉइल आणि मगच सीएनजीचा फिल्टर, रिड्यूसर वा इंजेक्टर यांच्याकडे वळावे. दोन्ही इंधनांवर सारखीच मिसिंग असेल, तर इंधनाचा संशय बराच कमी होतो. सीएनजीच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. टाकीत सुमारे २०० बार दाब असतो.

आता कोणता सिलिंडर, ते शोधायचे. अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचे सॉकेट असते. त्यात बसणारे आणि मोबाइलला जोडले जाणारे लहान यंत्र काही शे रुपयांत मिळते. चार-पाच शेजाऱ्यांत मिळून एक असले तरी पुरते. गाडीचा संगणक क्रँकशाफ्टची गती सतत मोजत असतो, आणि एखाद्या ज्वलनाच्या वेळी ती किंचित मंदावली की त्या सिलिंडराच्या नावावर नोंद करतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी ०३०३’ म्हणजे तिसरा. ‘पी ०३००’ आला तर मिसिंग एका जागी नाही. मग हवेची गळती, पेट्रोलचा कमी दाब किंवा टाकीतले भेसळीचे, पाणी मिसळलेले इंधन यांचा विचार करावा. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. आणि कोड पुसण्यापूर्वी लिहून घ्यावा. त्याच्याबरोबर त्या क्षणाचा वेग आणि इंजिनाचे तापमानही नोंदलेले असते, तेही.

समजा, कोड तिसऱ्या सिलिंडराचा आहे. नवीन कॉइल आणण्याऐवजी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि चावी काढून घेऊन, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवावी. कोड पुसून गाडी फिरवून आणावी. आता पहिल्या सिलिंडराचा कोड आला, तर दोष कॉइलबरोबर हलला, कॉइल बदला. तिसऱ्याचाच कोड राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगांची अशीच अदलाबदल करावी. एका वेळी एकच गोष्ट हलवावी; दोन्ही एकदम हलवल्या तर उत्तर हाती लागत नाही. इंजिन चालू असताना कॉइल किंवा प्लगची वायर उपटून ‘ठिणगी पाहण्याची’ जुनी रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. तेथे हजारो व्होल्ट असतात, आणि न जळलेले पेट्रोलही कन्व्हर्टरकडेच जाते.

प्लग काढलाच आहे, तर तो नीट वाचावा. इंजिनाच्या आतली हकीकत तो सांगतो. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर ज्वलन ठीक चालले आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर पाहावा. तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल आत येते आहे. पेट्रोलने ओला झालेला प्लग बहुधा ठिणगीच्या अभावाकडे बोट दाखवतो. पांढरे, फोड आल्यासारखे टोक अति उष्णतेचे. चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर काळजीचे कारण आहे : रेडिएटरचे पाणी त्या सिलिंडरात उतरत असावे, म्हणजेच हेड गॅस्केट गेलेले असावे. शिवाय पांढऱ्या भागावर केसासारखी काळी रेघ आहे का, ते उजेडात पाहावे. ठिणगी त्या वाटेने बाहेरच्या बाहेर निसटते. फट पुस्तिकेत दिलेल्या मापाची असावी. परत बसवताना प्लगच्या मागच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा अडकवून हातानेच आटे बसवावेत. हेड ॲल्युमिनियमचे असते. पाना लावून तिरके आटे बसवले तर दुरुस्ती फार महाग पडते.

कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष ठरले, तर इंजेक्टर आणि दाब उरतात. दाब मोजायचे मीटर गॅरेजमध्ये असते, आणि ही चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. सुदृढ पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दाब दिसतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक आकडा फारच खाली असेल, तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. तोपर्यंतचे कोड, अदलाबदलीचा निकाल आणि हे आकडे एका कागदावर लिहिलेले असले, की मिस्त्रीशी बोलणे सोपे जाते आणि बिलातली प्रत्येक ओळ तपासता येते. हेड उघडायची वेळ आलीच, तर आधी टॅपेटची फट मोजून घ्यावी. सीएनजीवर पुष्कळ चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून ही फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब निसटतो. काही इंजिनांत ही फट जुळवता येते. व्हॉल्व्ह जळलेला नसेल तर तेवढ्यानेही दाब परत येतो.