स्फटिक संरचना निर्धारण : अकार्बनी व सहसंबद्ध संयुगे

स्फटिकरूप घन पदार्थात अणू, आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) किंवा रेणू यांची त्रिमितीय अवकाशात नियमित व पुनरावर्ती मांडणी झालेली असते. ही मांडणी, तीतील अणूंमधील अंतरे व बंधकोन शोधून काढण्याच्या प्रक्रियेस स्फटिक संरचना निर्धारण म्हणतात. मध्यवर्ती धातूच्या अणूला ठराविक संख्येने आयन वा रेणू (लिगंड) जोडले जाऊन जी संयुगे बनतात त्यांना सहसंबद्ध संयुगे म्हणतात. अशा संयुगांच्या बाबतीत केवळ रासायनिक सूत्रावरून कोणता गट धातूला जोडलेला आहे व कोणता नाही, हे सांगता येत नाही. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटाच्या) सूत्रात पाण्याचे पाच रेणू असतात. परंतु त्या पाचांचे स्थान सारखे नाही, हे संरचना निर्धारणानेच निश्चित झाले.

ऐतिहासिक आढावा : आल्फ्रेट व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये सहसंबद्ध संयुगांविषयीचा आपला सिद्धांत मांडला. त्या वेळी अणूंची मांडणी प्रत्यक्ष मोजण्याचे साधन उपलब्ध नव्हते. एखाद्या सूत्राचे किती समघटक (सूत्र तेच पण मांडणी वेगळी असलेली संयुगे) मिळतात हे मोजून त्यांनी कोबाल्टाच्या संयुगांत सहा लिगंडांची मांडणी अष्टफलकीय आणि द्विसंयुजी प्लॅटिनमाच्या संयुगांत चार लिगंडांची मांडणी समतल चौरसाकार असल्याचे अनुमान काढले. या कार्याबद्दल त्यांना १९१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माक्स फोन लौए यांच्या कल्पनेनुसार व्हाल्टर फ्रीड्रिख व पाउल क्निपिंग यांनी १९१२ मध्ये म्यूनिक येथे स्फटिकामुळे होणारे क्ष-किरणांचे विवर्तन प्रथम नोंदले. त्यासाठी त्यांनी प्रारंभी वापरलेला स्फटिक मोरचुदाचाच होता. लगेच विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी मिठासारख्या साध्या संयुगांच्या संरचना उलगडल्या. मिठाच्या स्फटिकात सोडियम क्लोराइडाचा स्वतंत्र रेणू नसून प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन व प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन असतात, हा निष्कर्ष तत्कालीन रसायनशास्त्रज्ञांपैकी काहींना दीर्घकाळ मान्य झाला नाही. १९२१ मध्ये आर्. डब्ल्यू. जी. विकॉफ व ई. पॉस्न्याक यांनी अमोनियम क्लोरोप्लॅटिनेटात प्लॅटिनमाभोवतीचे सहा क्लोरीन अणू अष्टफलकाच्या शिरोबिंदूंपाशी असल्याचे, तर १९२२ मध्ये आर्. जी. डिकिन्सन यांनी पोटॅशियम क्लोरोप्लॅटिनाइटात चार क्लोरीन अणू चौरसाकार असल्याचे दाखविले. व्हेर्नर यांच्या अनुमानांना त्यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

पद्धती : क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतरांच्या जवळपास असते (उदा., तांब्याच्या लक्ष्यापासून मिळणाऱ्या किरणांची सु. १·५४ अँगस्ट्रॉम; १ अँगस्ट्रॉम = ०·१ नॅनोमीटर). अणूंच्या समांतर प्रतलांमधील अंतराची दुप्पट आणि किरण व प्रतल यांमधील कोनाची ज्या यांचा गुणाकार तरंगलांबीच्या पूर्णांकी पटीइतका असेल, तेव्हाच तीव्र परावर्तन मिळते. हा ब्रॅग नियम होय. परावर्तनांच्या दिशांवरून एकक कोशिकेची (पुनरावृत्त होणाऱ्या लहानात लहान ठोकळ्याची) मापे मिळतात, तर तीव्रतांवरून कोशिकेतील अणूंची स्थाने काढतात. सममितीचा विचार करून स्फटिक २३० अवकाश गटांपैकी कोणत्या गटात मोडतो ते ठरवितात.

मोरचुदाची कोशिका त्रिनताक्ष असून तिचे घनफळ सु. ३६२ घन अँगस्ट्रॉम आहे. या घनफळाची मोजलेल्या घनतेशी (सु. २·२९ ग्रॅ./घ. सेंमी.) सांगड घातली असता कोशिकेत दोन सूत्र-एकके असल्याचे दिसते. मात्र येथपर्यंतची माहिती हा केवळ सांगाडा होय.

प्रत्येक परावर्तित तरंगाचा परमप्रसर तीव्रतेवरून मिळतो. पण त्याची कला (आवर्तनातील स्थिती) नोंदली जात नाही. कला ठाऊक असल्याखेरीज तरंगांची फूर्ये पद्धतीने बेरीज करून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढता येत नाही. हीच कला समस्या होय. या बाबतीत धातूच्या संयुगांना एक नैसर्गिक सोय लाभली आहे. ए. एल्. पॅटर्सन यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या फलनात केवळ तीव्रता वापरून अणुजोड्यांमधील अंतरे दिसतात आणि प्रत्येक शिखराची उंची त्या दोन अणूंच्या अणुक्रमांकांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. तांब्याचा अणुक्रमांक २९ व ऑक्सिजनाचा ८ असल्यामुळे ही प्रमाणे अनुक्रमे ८४१ व ६४ येतात. अशा रीतीने जड अणू प्रथम सापडतो व त्याच्या आधारे उरलेल्या अणूंसाठी कलांचे पहिले अंदाज मिळतात. जड अणू नसलेल्या स्फटिकांसाठी तीव्रतांच्या परस्परसंबंधांवरून कला काढण्याच्या प्रत्यक्ष पद्धती उपयोगी पडतात. त्या दिशेने केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३३ मध्ये महत्त्वाचे काम केले होते. या पद्धतींच्या विकासाबद्दल एच्. ए. हाउप्टमन व जे. कार्ल यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अखेरीस अणूंची स्थाने व कंपने लघुतम वर्ग रीतीने सुधारीत नेतात. गणिताने आलेले व मोजलेले परमप्रसर यांतील तफावत दर्शविणारा विश्वसनीयता गुणक चांगल्या निर्धारणात सामान्यतः ५ टक्क्यांच्या आत असतो. हे गणित पूर्वी हाताने करावे लागे. संगणक व क्षेत्र-अभिज्ञातक यांमुळे आता पुष्कळशा संरचना काही तासांत मिळतात.

मोरचुदाची संरचना : विवर्तनाच्या शोधानंतर २२ वर्षांनी, १९३४ मध्ये, सी. ए. बीव्हर्स व एच्. लिप्सन यांनी ही संरचना उलगडली. तांब्याभोवती पाण्याचे चार रेणू जवळजवळ चौरसाकार मांडलेले असून तांबे-ऑक्सिजन अंतर सु. १·९५ अँगस्ट्रॉम आहे; सल्फेट गटांचे दोन ऑक्सिजन अणू वरच्या व खालच्या बाजूंस सु. २·४ अँगस्ट्रॉम अंतरावर आहेत. पाण्याचा पाचवा रेणू तांब्याला मुळीच जोडलेला नसून हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेला आहे.

मर्यादा : जी धातू संरचनेची किल्ली पुरविते तीच हलके अणू झाकूनही टाकते. क्ष-किरणांचे प्रकीर्णन इलेक्ट्रॉनांमुळे होत असल्याने एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन जड धातूच्या सान्निध्यात नीट दिसत नाही. कार्बन व नायट्रोजन किंवा लोह व कोबाल्ट अशी शेजारची मूलद्रव्ये ओळखणेही अवघड जाते. न्यूट्रॉनांचे प्रकीर्णन अणुकेंद्रांमुळे होते. म्हणून जी. ई. बेकन व एन्. ए. करी यांनी १९६२ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने मोरचुदातील हायड्रोजनांच्या जागा निश्चित केल्या.

याहून सूक्ष्म धोका मिश्र स्फटिकांचा असतो. मॉलिब्डेनमाच्या ऑक्सिक्लोराइड-फॉस्फीन संयुगांत निळे व हिरवे असे दोन प्रकार आढळले व त्यांतील मॉलिब्डेनम-ऑक्सिजन अंतरे भिन्न (सु. १·६८ व १·८० अँगस्ट्रॉम) मिळाली. यावरून १९७१ मध्ये केवळ बंधाच्या लांबीत फरक असलेल्या समघटकांची कल्पना पुढे आली. १९९१ मध्ये जी. पार्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरवे स्फटिक म्हणजे निळ्या संयुगात मिसळलेले पिवळे ट्रायक्लोराइड होय, असे दाखविले. काही ऑक्सिजनांच्या जागी अधिक दूर असलेले क्लोरीन अणू आल्यामुळे सरासरी इलेक्ट्रॉन घनता बाहेर सरकली होती व बंध लांबल्याचा भास झाला होता. विश्वसनीयता गुणक लहान असला, तरी पदार्थाची शुद्धता व रंग, वर्णपट, रासायनिक विश्लेषण यांच्याशी निष्कर्ष ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

व्याप्ती : कोणता समघटक उजवा व कोणता डावा हे ठरविण्याचा प्रश्न योहानेस बायव्हूट यांनी १९५१ मध्ये असंगत प्रकीर्णनाच्या साहाय्याने सोडविला. त्याच मार्गाने योशिहिको साइतो व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये कोबाल्टाच्या एका सहसंबद्ध आयनाचे निरपेक्ष विन्यसन प्रसिद्ध केले. एफ्. ए. कॉटन व सी. बी. हॅरिस यांना १९६५ मध्ये ऱ्हेनियमाच्या एका क्लोराइडात दोन धातु-अणूंमध्ये केवळ २·२४ अँगस्ट्रॉम अंतर आढळले व चौपदरी बंधाची संकल्पना त्यातून दृढ झाली. एकेरी स्फटिक मिळत नसेल, तर चूर्णापासून मिळालेल्या आकृतिबंधाचे ह्यूगो रीटव्हेल्ट यांच्या रीतीने (१९६९) विश्लेषण करतात. अतिसूक्ष्म स्फटिकांसाठी इलेक्ट्रॉन विवर्तन वापरतात. केंब्रिज येथे १९६५ पासून संकलित होत असलेल्या कार्बनी व धातु-कार्बनी संरचनांच्या संग्रहाने २०१९ मध्ये दहा लक्ष नोंदींचा टप्पा ओलांडला. नव्या संयुगाचे बंध अपेक्षित मापाचे आहेत की नाहीत, हे पारखण्यास असा संग्रह कसोटीसारखा उपयोगी पडतो.