रोम शिकायला तेरला चला

सहावीच्या वयाच्या मुलाला रोमन साम्राज्य शिकवायचं असेल, तर धाराशिवच्या आईबापांना फार लांब जावं लागत नाही. तेर तासाभराच्या आत गाठता येतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे गाव 'तगर' नावाने येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतून सुती कापड भडोचच्या बंदराकडे जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पॉम्पेईला राखेखाली सापडली आणि पॉम्पेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. मूर्ती दाखवायची, गोष्ट सांगायची आणि पुढचे तीन आठवडे सकाळच्या मुख्य तासाला दुसरा विषय काढायचा नाही.

एकच विषय तीन-चार आठवडे धरून ठेवण्याची ही रीत वॉल्डॉर्फ शिक्षणातली. १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया सिगारेट कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं आणि तिची आखणी रुडॉल्फ श्टाइनर यांच्यावर सोपवली. कारखान्याचं नाव पद्धतीला चिकटलं ते कायमचं. आपल्याकडे हैदराबादची 'स्लोका' आणि मुंबईची 'त्रिधा' या शाळा याच वाटेने चालतात. पण जिथे अशी शाळा हाताशी नाही, तिथले काही पालक हा अभ्यासक्रम घरीच, इयत्तेमागून इयत्ता, चालवू पाहतात.

रोजचा धडा साधा असतो. पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने पुस्तक बाजूला ठेवून गोष्ट सांगायची. त्यावर एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी मुलाने ती आपल्या शब्दांत सांगायची, मग रेघा नसलेल्या कोऱ्या वहीत चित्र काढून खाली चार ओळी लिहायच्या. ही वही हेच त्याचं पाठ्यपुस्तक. अक्षरओळख सातव्या वर्षाच्या आसपास, त्याआधी नाही. बालवाडीतच 'माझी मुलगी वाचते' असं सांगणाऱ्या शेजारणीपुढे हे निभावणं सोपं नसतं.

माझी तक्रार आहे ती आयत्या अभ्यासक्रमांबद्दल. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या संचात चौथीला उत्तर युरोपातले देव येतात आणि पाचवीला प्राचीन भारत, म्हणजे रामायण-महाभारत. जर्मन मुलाला ते दूरचं. आपल्या पोराला भीम आणि हनुमान दात पडायच्या आधीपासून ठाऊक असतात. क्रम तसाच उचलणं हा निव्वळ आळस झाला. दुसरीला प्राणिकथा आणि संतकथा सांगायच्या असतात, तर तेरचेच गोरोबाकाका आहेत. थापटी घेऊन जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहणारे आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे गोरोबा सात वर्षांच्या मुलाला लगेच आवडतात. नंतर त्याच्या हातात चिखल द्यायचा. (पायाखाली तुडवल्या गेलेल्या बाळाची गोष्ट मात्र मोठेपणी.)

तिसरीचे विषय शेती आणि घरबांधणी. शेतीसाठी येळवस पुरेशी आहे. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप उभारायला, पांडव मांडायला आणि भज्जी-आंबिलीची तयारी करायला मुलाला पाहुणा म्हणून न नेता कामाला लावावं. भज्जीत किती भाज्या, आंबिलीला ताक किती, शेतात कोणतं पीक किती वाढलं, हे सगळं वहीत येतं. मापं इथेच शिकून होतात. घरबांधणीला माळवद घ्यावं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर बांधकाम का बदललं, हे नऊ वर्षांच्या मुलाने आजीला विचारावं आणि दोन्ही घरांची चित्रं वहीत शेजारी-शेजारी काढावीत.

चौथीचा भूगोल घराच्या दारापासून सुरू होतो. आपला जिल्हा बालाघाटच्या रांगांवर वसलेला. तेरणेचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, तर नळदुर्गच्या किल्ल्याजवळून वाहणारी बोरी भीमेला मिळते आणि ते पाणी कृष्णेत पोचतं. आपल्या शिवारातला ओढा कुणाच्या वाट्याचा, हे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चालत जाऊन शोधता येतं. नकाशा त्यानंतर उघडावा.

आता अडचणी. श्टाइनर यांचं अध्यात्म आणि वंशांविषयीची त्यांची काही मतं आज पटण्याजोगी नाहीत; ती बाजूला ठेवूनच पद्धत घ्यावी. शिवाय हे सगळं करायला घरात एक शिकलेलं, मोकळं माणूस दिवसभर लागतं आणि ते माणूस बहुतेक वेळा आईच असते. तिची नोकरी, तिचा वेळ याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला कोयते बांधून कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि त्यांची मुलं शाळेबाहेर राहतात. त्यांना हवी आहे ती शाळाच. घरशाळा ही चळवळ नसून सवड असलेल्यांची निवड आहे, असं माझं मत आहे.

कायद्याचं म्हणाल, तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतो, पण न घातल्यास शिक्षा सांगत नाही. दहावी बाहेरून देता येते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि मराठीतूनही देता येते. या कागदांकडे दुर्लक्ष करू नये. संगणक ऑलिंपियाडची पदकं मिळवलेल्या, शाळा सोडलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने घेतलं, पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंदच होतं.

म्हणून विनंती एवढीच, की शाळेतून दाखला काढायची घाई करू नका. मुलाचं नाव आहे तिथे राहू द्या आणि येत्या मे महिन्याच्या सुट्टीत एकच विषय, एक कोरी वही आणि तीन आठवडे, एवढं करून पाहा.