सुवालीची वाळू

सुरत म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांतील सुरत. त्यानंतर आठवते ती हिऱ्यांची आणि कापडाची सुरत, आणि पोटापाण्यासाठी खानदेशातून जाऊन उधना-लिंबायतच्या वस्त्यांत स्थिरावलेल्या आपल्या हजारो बांधवांची सुरत. या शहराला समुद्रकिनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावरील वाळूच्या एका बांधाने हिंदुस्थानच्या इतिहासाला वळण दिले, याचे स्मरण मात्र फारच थोड्यांना असते. सुवालीला आता पर्यटन-महोत्सव भरू लागले आहेत व गर्दीही वाढते आहे. गर्दीविषयी आमची तक्रार नाही. कारखान्याच्या धगीत सहा दिवस राबणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी समुद्राचा वारा मिळालाच पाहिजे. परंतु या किनाऱ्याचे आपण काय करणार आहोत, हे ठरवण्याची वेळ आली आहे.

हा किनारा तापीने घडवला आहे. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी ही नदी जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून वाहत सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून समुद्राला मिळते. डुमसच्या ज्या काळ्या वाळूभोवती भुताखेतांच्या कथा रचल्या जातात, तिचे रहस्य एवढेच की दख्खनच्या काळ्या पाषाणाचा चुरा तीत मिसळला आहे. खानदेशातून सुरतेला माणसे पुढे गेली. माती त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती!

याच गाळाने तापीचे मुख उथळ झाले आणि मोठ्या जहाजांना सुरतेच्या धक्क्यापर्यंत जाणे कठीण होऊन बसले. मग ती मुखाच्या उत्तरेस सुवालीला नांगर टाकीत. तेथे किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांबलचक बांध समुद्रात होता. त्याच्या आडोशाला शांत पाण्याचा पट्टा लाभे. ५ सप्टेंबर १६१२ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा जो जहाजताफा येथे दाखल झाला, त्यापासून आपले नौदल स्वतःच्या परंपरेचा आरंभ मोजते. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस बेस्ट याच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या युद्धनौकांना येथे तोंड दिले. पोर्तुगीजांची काही जहाजे वाळूत रुतली व त्यांचा दरारा ओसरला. सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली आणि १६१५ मध्ये सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबाराकडे निघाला तो याच किनाऱ्यावर उतरून. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलवले. मुंबईच्या भाग्याचा पहिला अध्याय असा सुवालीच्या वाळूत लिहिला गेला आहे.

त्या सत्तेच्या अंताचा एक मोठा अध्यायही याच किनाऱ्यावर लिहिला जावा, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल. तापीच्या दक्षिणेस, त्या काळी सुरत जिल्ह्यात आणि आज नवसारी जिल्ह्यात असलेल्या दांडी येथे ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. सुवालीला व्यापाऱ्याच्या वेषात आलेल्या साम्राज्याला दांडीला एका निःशस्त्र वृद्धाने आव्हान दिले. दांडीला २०१९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले, ते उचितच झाले. दांडी पाहून आलेल्या मुलाला सुवालीही दाखवली पाहिजे; ही सत्ता कोणत्या वाटेने आली हे कळल्याखेरीज ती घालवण्याचे मोल कळत नाही.

आज सुवालीच्या शेजारी हजिऱ्याला पोलाद, खत, वायू यांचे प्रचंड कारखाने व बंदर उभे आहे. उद्योगांचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. परंतु ज्यांच्या जाळ्यांची जागा त्यांनी घेतली त्या मच्छीमारांना न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले, हेही विसरता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये हजिऱ्याच्या बंदर-विस्ताराची पर्यावरणीय परवानगी रद्द ठरवली आणि त्या निर्णयाला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. वाद कायद्याचा असेल. किनाऱ्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न कायद्याहून जुना आहे. त्यातच १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यापासून तापीचा गाळ मोठ्या प्रमाणात जलाशयातच अडतो. वाळूची आवक घटली, समुद्राची भूक मात्र घटलेली नाही.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यासमोर वाळूच्या अरुंद बेटांची एक रांग आहे. तेथील केप हॅटरस परिसराला राष्ट्रीय किनारा म्हणून संरक्षण देण्याचा कायदा १९३७ मध्येच झाला. समुद्र जवळ येऊ लागला तेव्हा १९९९ मध्ये तेथील उंच दीपगृह अखंड उचलून सुमारे ८८० मीटर आत नेण्यात आले. वाळू हलती असते, तिच्याशी हट्ट करून चालत नाही, हे त्या लोकांनी ओळखले. तेथेही पर्यटक येतात आणि तेथील व्यापारही चालतो.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. वाळूच्या टेकड्यांवर पक्के बांधकाम नको. खंभातच्या आखातातील भरतीचे पाणी विलक्षण वेगाने चढते आणि सुवालीला माणसे बुडाल्याच्या वार्ता वारंवार येतात. तेव्हा भरतीच्या वेळांचे ठळक फलक आणि प्रशिक्षित जीवरक्षक वर्षभर हवेत, केवळ महोत्सवापुरते नकोत. भज्यांच्या गाड्या, घोडे, नावा यांचे परवाने किनाऱ्यावरील गावांतील लोकांना आधी द्यावेत. आणि १६१२ ची हकिगत गुजराती, हिंदी, मराठी व इंग्रजीत सांगणारे एक छोटे संग्रहालय उभारावे. महोत्सवाच्या मांडवांवर जो खर्च होतो, त्याच्या तुलनेत हा भार जड नाही.

समुद्र पाहायला येणारा माणूस सुखरूप घरी परतावा, आणि परतताना आपल्या देशाविषयी थोडे अधिक जाणून परतावा, एवढी व्यवस्था करणे हे शासनाचे आणि सुरत शहराचे कर्तव्य आहे. पुढील महोत्सवाची आखणी करताना त्यांनी याची सुरुवात जीवरक्षकांपासून करावी.