उसाच्या फडाची माहिती कोणाच्या मालकीची?

युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या छायाचित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद जागा, 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा. म्हणजे सोनईच्या शिवारातला एकरभर ऊस या उपग्रहाला साधारण चाळीस ठिपक्यांत दिसतो, आणि तोही दर पाच दिवसांनी. ही छायाचित्रं फुकट मिळतात. कोणीही उतरवून घ्यावीत. मला संगणकाचं वेड आहे. नव्या तंत्रज्ञानात आपल्या कामाचं काय, असं कोणी विचारलं की मी आधी या गुंठ्याएवढ्या ठिपक्याबद्दल सांगतो.

निरोगी हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पीक ताणावर आलं की हे प्रमाण बिघडतं, आणि छायाचित्रात ते आकड्यांनी पकडता येतं. उसाला याचा उपयोग इतर पिकांपेक्षा जास्त. ऊस डोक्यावर गेला की मधल्या सरीत कोणी शिरत नाही. बांधावरून फड हिरवागार दिसतो आणि आत पाणी न पोचलेले चार गुंठे वाळत असतात, किंवा हुमणीनं मुळं खाल्लेली असतात. टोळीनं कोयता घातल्यावरच ते कळतं. तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. वरून ते कितीतरी आधी दिसतं.

अडचणीही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये, आडसालीची लागण ऐन भरात असताना, आभाळ भरलेलं असतं आणि या उपग्रहाला ढगांपलीकडचं दिसत नाही. सेंटिनेल-1 चं रडार ढगांतून पाहतं, पण त्याचं चित्र उलगडणं अवघड. शिवाय उपग्रहाला पान दिसतं, मुळाशी ओल किती आहे ते दिसत नाही. म्हणून जमिनीत सेन्सर पुरावे लागतात, शिवारात हवामान केंद्र लागतं. हे सगळं जोडून संगणक सांगतो की अमुक कोपऱ्यात पाणी कमी पडतंय.

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीनं उसावर नेमका हाच प्रयोग उभा केला. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचा जाहीर उल्लेख केला आणि गावोगावच्या पारांवर 'एआयचा ऊस' हा विषय पोचला. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळानं 500 कोटी रुपयांच्या तरतुदीचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं.

माझं मत असं, की यातलं तंत्र खरं आहे, पण टनेजचे आकडे ऐकताना सावध राहावं. जो शेतकरी सेन्सर बसवतो तो बहुधा ठिबक करतो, माती तपासतो, चांगलं बेणं आणतो. वाढलेल्या उत्पन्नात संगणकाचा वाटा किती आणि नीट मशागतीचा किती, हे वेगळं काढायला हवं. एकाच शेतात, एकाच बेण्यावर, अर्ध्या भागात सल्ला पाळून आणि अर्ध्या भागात आपल्या अंदाजानं ऊस करून पाहिला, तर वजनकाट्यावर उत्तर मिळेल.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर पाणी आवर्तनानं येतं. मोबाइल म्हणाला, आज पाणी द्या. आणि आवर्तन वीस दिवसांनी असलं, तर त्या सल्ल्याचं करायचं काय? विहिरीला पाणी असलेल्याला तो पाळता येईल, इतरांना नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले जल' आणि 'फुले इरिगेशन शेड्यूलर' ही अ‍ॅप्स पूर्वीच तयार केली आहेत. हवामान, माती आणि पिकाचं वय यांवरून पाण्याचा हिशेब मांडायचं काम त्यांत होतं. असं काम शेजारी असताना आवर्तनाचं वेळापत्रक धरून चालणारा सल्ला देणारी यंत्रणा आपल्याच जिल्ह्यात घडायला हवी.

अशी यंत्रणा घडवताना एक जुना अनुभव आठवावा. कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात 1998 मध्ये सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प आला होता. पुढे संशोधकांनी पाहिलं, तर लोक त्या संगणकांवर मुख्यतः उसाचं वजन आणि खताची उचल एवढंच विचारत होते. मग काही गावांत त्यांनी तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं, कमी खर्चात. ते मला पटतं. शेतकऱ्याला रोज काय लागतं ते आधी पाहावं आणि त्याला पुरेल एवढंच यंत्र आणावं.

खरा प्रश्न मात्र मालकीचा. आज अनेक ठिकाणी कारखान्याचा चिटबॉय मोबाइलवर ऊसनोंद घेतो, शेताच्या सीमा नकाशावर चढतात. 2021 पासून ई-पीक पाहणीत आपणच फोटो काढून देतो. आता सेन्सरही आले. एका शेताच्या माहितीला बाजारात फारसं मोल नाही. अख्ख्या कार्यक्षेत्राची माहिती ज्याच्याकडे, त्याला मात्र गळीत सुरू होण्याआधी टनेजचा अंदाज बांधता येतो. साखरेचे व्यापारी, विमा कंपन्या, बँका, खत-औषधांच्या कंपन्या, सगळ्यांना तो हवा असतो.

सोनई-राहुरीच्या आपल्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला आणि 1950-51 च्या हंगामात सभासदांच्या मालकीच्या गव्हाणीत ऊस पडला. आपला ऊस दुसऱ्याच्या चरकात किती दिवस घालायचा, हा त्यामागचा विचार होता. उसाच्या माहितीबद्दलही तसाच विचार करायची वेळ आली आहे. कंपनीनं यंत्र द्यावं, त्याचे पैसे घ्यावेत. माहिती सभासदांच्या संस्थेकडे राहावी. करार संपला तर ती कंपनीबरोबर जाऊ नये, सभासदाला विचारल्याशिवाय तिसऱ्याला विकली जाऊ नये, आणि ज्याच्या शेतात सेन्सर आहे त्याला सगळ्या नोंदी मराठीत, केव्हाही पाहता याव्यात.

ऊस उत्पादक वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: शेतात सेन्सर बसवण्याआधी करार मराठीत मागून घ्या, माहितीच्या मालकीचं कलम वाचा, आणि आपापल्या कारखान्याच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत या विषयाचा ठराव लेखी द्या.