काटा 'एच'कडे सरकतो तेव्हा

खंबाटकीच्या चढावर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या अँबॅसडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना इंजिन तापण्याचा विषय नवा नाही. आमच्या घरच्या अँबॅसडरच्या डिकीत पाण्याचा कॅन कायम असे. गाडी तापली की वडील अर्धा तास कुणालाही रेडिएटरच्या झाकणाला हात लावू देत नसत. आज मी इंग्लंडमध्ये १९७१ सालची एमजीबी चालवतो आणि त्या अर्ध्या तासाची शिस्त अजून पाळतो. या दोन गाड्या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी त्यांची इंजिनं सख्खी भावंडं आहेत. दोन्ही बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजमधली. पिस्टनचा स्ट्रोक दोन्हींत ८८.९ मिलिमीटर, फक्त एमजीबीचे सिलिंडर जास्त रुंद. म्हणून अँबॅसडरचं इंजिन १४८९ सीसीचं आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. आजही त्यांचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो आणि त्यापेक्षा मुबलक मिळतो तो सल्ला. गाडी तापते म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मोठा रेडिएटर बसवा, मोठा ऑइल कूलर बसवा. माझं मत असं की कारखान्यातून निघालेली कूलिंगची व्यवस्था धडधाकट असेल, तर ती या इंजिनाला रोजच्या वापरात पुरते. शर्यतीसाठी ताकद वाढवलेल्या इंजिनाची किंवा कडक उन्हाळ्याच्या शहरातल्या ट्रॅफिकची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी पाकीट उघडण्याआधी खालचे गैरसमज तपासून पाहावेत.

"मोठा रेडिएटर बसवला की प्रश्न मिटला"

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली कूलंटच्या वाट्याला येते. ही उष्णता हवेत सोडणं एवढंच रेडिएटरचं काम. पण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करत असेल, तर मोठा रेडिएटर काय करणार? इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असलं, कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ असलं किंवा हेड गॅस्केटमधून जळालेला गॅस पाण्यात शिरत असला, तरी तापमानाचा काटा 'एच'कडेच, म्हणजे 'हॉट'कडेच जातो.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका जुलैत, वाहनांच्या रांगेत उभा असताना काटा चढत चढत 'एच'ला टेकला. मी मोठा रेडिएटर आणून बसवला. फरक एवढाच पडला की काटा 'एच'पर्यंत दहा मिनिटं उशिरा पोचला. मग इंजिन ब्लॉकच्या मागच्या भागातला पाणी काढायचा पितळी नळ उघडला. एक थेंबही आला नाही. सायकलचा स्पोक आत घालून बराच वेळ खरवडल्यावर काव कालवल्यासारखा दाट तांबडा चिखल हळूहळू बाहेर आला आणि पाठोपाठ पाण्याची धार लागली. पन्नास वर्षांचा गंज आणि गाळ ब्लॉकच्या मागच्या बाजूला साठला होता. शेवटच्या सिलिंडरभोवती पाणी धड फिरतच नव्हतं. बागेच्या नळीनं उलट्या दिशेनं पाणी सोडून ते नितळ येईपर्यंत ब्लॉक धुतला. खात्री करावी म्हणून जुना रेडिएटर परत बसवला. पुढच्या उन्हाळ्यात, त्याच रस्त्यावर, तशाच रांगेत काटा 'एन', म्हणजे 'नॉर्मल' सोडून हलला नाही.

रेडिएटर तुंबला आहे का, हे पाहायला आता साधं इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतं. इंजिन गरम करून रेडिएटरच्या जाळीवरून ते आडवं-उभं फिरवा. मध्येच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवतं. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

"ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्यापेक्षा चांगलाच"

धातू म्हणून पाहिलं तर तांबं ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी चांगलं उष्णतावाहक आहे. आकड्यांत सांगायचं तर तांब्याचे साधारण ४०० वॉट प्रति मीटर प्रति केल्विन, ॲल्युमिनियमचे २३५च्या आसपास. पण जुन्या रेडिएटरमध्ये फक्त पातळ पाती तांब्याची असतात. पाण्याच्या नळ्या पितळेच्या आणि सांधे डागाचे, म्हणजे शिसं-कथलाचे. पितळ आणि डाग, दोन्ही उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या बरेच मागे. ॲल्युमिनियमच्या नळ्या वजनाच्या मानाने मजबूत असल्यामुळे रुंद करता येतात आणि पाती थेट त्यांना जोडता येतात. फायदा होतो तो या बांधणीमुळे, आणि वजनही घटतं.

चांगल्या कारागिराकडून जुन्या पितळी टाक्यांमध्ये नवी, दाट पात्यांची जाळी बसवून घेतली, तर ती बहुतेक एमजीबींना पुरते आणि बॉनेटखालचं रूपही जसंच्या तसं राहतं. मी तेच केलं. ॲल्युमिनियम घेणार असाल, तर नळाचं पाणी त्यात घालू नका. गंजरोधक असलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला आणि ते ठरल्या मुदतीत बदला. लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियम एकाच क्षारयुक्त पाण्यात नांदले, तर ॲल्युमिनियम झिजतं.

जाड जाळीबद्दलही एक सांगायला हवं. नळ्यांच्या दोनऐवजी चार रांगा असल्या, तर मागच्या रांगांना पुढच्या रांगांनी तापवलेली हवा मिळते आणि हवेला अडथळाही वाढतो. ताशी ८० किलोमीटरवर हे चालून जातं. रांगेत उभी असताना, फक्त पंख्याच्या भरवशावर, तीच जाडी नडू शकते.

"थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल"

आपल्याकडच्या गॅरेजांत 'थर्मास वॉल' काढून फेकण्याची जुनी सवय आहे आणि इंग्लंडमध्येही ती दिसते. थर्मोस्टॅट खराब होऊन बंद अवस्थेत अडकला असेल, तर तो बदलायलाच हवा. धडका असेल, तर तो गाडी तापवत नाही. गरम झाल्यावर तो पूर्ण उघडतो आणि त्यानंतर कूलंट किती गार होणार हे रेडिएटरवर ठरतं. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ घेतं, इंधन जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात.

याच्या उलट बाजूनंही एक समजूत ऐकू येते. थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरमधून इतक्या जोरात जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही, अशी ती समजूत. हेही खरं नाही. पाणी बंद चक्रात फिरत असतं. वेग वाढला तर प्रत्येक फेरीत ते कमी गार होतं, पण फेऱ्या वाढतात आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. मग थर्मोस्टॅट काढल्यावर काही इंजिनं खरोखर का तापतात? थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे हेडमध्ये थोडा जास्त दाब राहतो. तो गेला की व्हॉल्व्हजवळच्या अतितप्त जागी पाण्याच्या वाफेचे बुडबुडे धरतात आणि बुडबुडे उष्णता नेत नाहीत. म्हणूनच शर्यतीत थर्मोस्टॅट काढणारे लोकही तिथे भोक पाडलेली चकती किंवा नळकांडं बसवतात.

घरच्या घरी तपासणी सोपी आहे. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळता ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस पेटवा. ८२चा शिक्का असलेला साधारण ८२ अंशांना उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे.

"जास्त दाबाचं झाकण लावलं की गाडी गार राहते"

झाकणामुळे तापमान एका अंशानंही कमी होत नाही. वाढतो तो फक्त उकळबिंदू. समुद्रसपाटीला साधं पाणी ७ पौंडाच्या (म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाबाच्या) झाकणाखाली १११ अंशांच्या आसपास उकळतं, १० पौंडाखाली ११५ आणि १५ पौंडाखाली साधारण १२० अंशांना. सुरुवातीच्या एमजीबींना ७ पौंडाचं झाकण असे, पुढे १० पौंडाचं आणि शेवटच्या वर्षांत त्याहून जास्त दाबाचं आलं. ७ पौंडाच्या गाडीला १५चं झाकण लावलं, तर पाणी उकळण्याआधी जुना हीटर किंवा पाइप फुटू शकतो.

"थांबल्यावर पाणी सांडतं म्हणजे गाडी तापते"

सुरुवातीच्या एमजीबींत पाण्याला फुगायला वेगळी टाकी नाही. रेडिएटर काठोकाठ भरला, तर गरम झाल्यावर जास्तीचं पाणी बाहेर पडणारच. मालक पुन्हा काठोकाठ भरतो आणि पुन्हा ते सांडतं. तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली पातळी ठेवा आणि ती तिथेच टिकते का पाहा. तरीही रोज कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.

"विजेचा पंखा म्हणजे हमखास सुधारणा"

ट्रॅफिकमध्ये चांगला पंखा खरोखर उपयोगी पडतो. कारखान्यानेही १९७३च्या व्ही-८ मॉडेलला विजेचे दोन पंखे दिले आणि १९७६नंतर साध्या एमजीबीलाही विजेचे पंखे आले. त्याबरोबर रेडिएटरही पुढे सरकवला गेला. पण १९६७पर्यंतच्या गाड्यांत डायनामो आहे आणि त्याची कमाल ताकद २२ अँपिअर. रात्री, हेडलाइट चालू असताना त्यावर दहा अँपिअरचा पंखा लादला, तर बॅटरी उतरायला लागते. शिवाय या जुन्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नव्या पंख्याच्या वायरी नेहमीच्या सवयीनं जोडल्या, तर तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत बसतो. जागा असेल तर पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा आणि भोवती आवरण असलेला घ्या. पुढे बसवलेला पंखा वेगात जाताना स्वतःच अडथळा होतो.

पंख्याआधी एक स्वस्त काम करा. हवा नेहमी सोपी वाट धरते. एमजीबीचा रेडिएटर एका उभ्या पत्र्यात बसतो. त्या पत्र्याच्या माथ्यावर, बॉनेटला टेकणारी फोमची पट्टी असते आणि ऑइल कूलरचे पाइप जातात त्या भोकांना रबराच्या चकत्या असतात. पन्नास वर्षांत पट्टी झडते, चकत्या हरवतात. मग समोरून आलेली हवा जाळीला वळसा घालून निघून जाते, आणि गाडी उभी असताना तर इंजिनाची गरम हवा उलट फिरून पुन्हा रेडिएटरच्या तोंडाशी येते. ग्रिलसमोर लावलेले मोठे फॉग लाइटही हवा अडवतात. काही पौंडांची पट्टी लावून आणि ते लाइट काढून मला जेवढा फरक दिसला, तेवढा मोठ्या रेडिएटरनं दिसला नव्हता.

"ऑइल जितकं गार, तितकं इंजिन सुखी"

हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि नुकसानही तोच जास्त करतो. इंजिन ऑइलचं काम साधारण ९० ते ११० अंशांत उत्तम चालतं. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असतं. ऑइल पुरेसं तापलं तरच ते उडून जातं. इंग्लंडच्या हिवाळ्यात, जवळच्या फेऱ्यांत, मोठ्या कूलरमुळे ऑइल ६०-७० अंशांवरच रेंगाळतं. मग ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट चिकटा दिसू लागतो. घट्ट राहिलेल्या ऑइलमुळे काट्यावर दाब छान दिसतो, मालक खूश होतो, आणि आत बेअरिंगांना ओलावा, आम्ल सोसावं लागतं.

एमजीबीला कारखान्याचा १३ ओळींचा कूलर मिळतो आणि साध्या इंजिनाला तो भरपूर आहे. त्याहून मोठा घ्यायचा विचार करण्याआधी ऑइलचं तापमान मोजा. मोटरवेवर तासभर सलग चालवूनही ११० अंशांपलीकडे जात नसेल, तर मोठ्या कूलरची गरज नाही. हिवाळ्यातही गाडी चालवणार असाल, तर ऑइलचा थर्मोस्टॅट बसवा. साधारण ८० अंशांपर्यंत तो बहुतेक ऑइल कूलरला वळसा घालून परत पाठवतो. आणि हेही लक्षात ठेवा की कूलर रेडिएटरच्या पुढे बसतो. तो जितका मोठा, तितकी रेडिएटरला मिळणारी हवा गरम.

कूलरपेक्षा त्याच्या पाइपांकडे जास्त लक्ष द्या. रबर चिरलं किंवा पत्र्यावर घासून भोक पडलं, तर काही मिनिटांत इंजिनातलं सगळं ऑइल रस्त्यावर येतं. पोलादी जाळीचे पाइप दिसायला मजबूत असतात, पण रबराची चकती नसेल तर ते पत्र्यालाच कापत जातात. दर सर्व्हिसला त्यांच्यावरून बोट फिरवून पाहा.

इंजिनाचं बेअरिंग गेलं आणि इंजिन नव्यानं बांधून घेतलं, तर जुना कूलर धुऊन परत लावू नका. धातूचा बारीक कीस त्याच्या अरुंद मार्गांत अडकून बसतो आणि कितीही पेट्रोल ओतलं तरी सगळा निघत नाही. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की तोच कीस नव्या बेअरिंगांत जातो. इंजिन बांधायच्या खर्चापुढे कूलरची किंमत काहीच नाही. जुना भंगारात द्या आणि नवा बसवा.