नव्या खोंडाची पहिली बारी



सुगी सरली, खळी मोकळी झाली, की आपल्या शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पट्ट्यात यात्रांचे वारे वाहू लागते. पौषी पौर्णिमेला थापलिंगचा खंडोबा, माघी पौर्णिमेला निमगावचा खंडोबा, आणि मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. यात्रा म्हटली की घाट आला आणि घाट म्हटला की बैलगाडा आला.

कारेगावसारख्या गावात आज चित्र पालटले आहे. शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. घरचा एक मुलगा पाळीवर कंपनीत जातो, दुसरा शेत पाहतो. नांगरट ट्रॅक्टरने होते. औताचे बैल बहुतेक दावणींवरून गेले. तरीही एखाद्या गोठ्यात पांढरा, ताठ शिंगांचा खिलार खोंड दिसतोच. तो औतासाठी आणलेला नसतो, घाटासाठी आणलेला असतो. बेल्ह्याच्या किंवा चाकणच्या बाजारातून मोठी रक्कम मोजून, प्रसंगी उसनवारी करून तो दारात आलेला असतो.

हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरे. पण हौस आपली असते आणि पळायचे जनावराला असते, एवढे ध्यानात ठेवावे. ज्यांच्या दावणीला यंदा पहिल्यांदाच घाटाचा खोंड आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कायदा आधी समजून घ्या

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण न्यायालयात अडकून राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला.

ही परवानगी बिनशर्त नाही. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. धाव १००० मीटरांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, टोचणी, बॅटरीचा झटका, उत्तेजक औषध यांतले काहीही चालत नाही. नियम मोडणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदीच्या काळात दावणीचे बैल बसून राहिले, अनेकांनी ते विकून टाकले. मिळालेली मोकळीक पुन्हा जाऊ द्यायची नसेल तर ती गाडामालकांनीच सांभाळली पाहिजे.

दात पाहा, मग घाट पाहा

आदत खोंडाचे दुधाचे दात पडून पहिले दोन पक्के दात साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात. तो दुसा झाला. चौसा व्हायला तीन-साडेतीन वर्षे लागतात आणि तोंड पूर्ण जुळायला साडेचार-पाच. दात वाढतात तशीच आतून हाडे पिकत असतात. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कोवळी जागा असते. तिथे अवेळी ताण पडला तर जनावर जन्माचे लंगडते. म्हणून आदत खोंड फक्त चालवावा, हाताळावा, माणसाळावा. दुसा झाल्यावर हलक्या गाडीची सवय द्यावी. पुऱ्या ताकदीची धाव चौसा होण्याआधी मागू नये.

सातारा-सांगलीकडच्या मैदानांत आदत, दुसा असे दातांवरून गट पाडतात. बरोबरीचे जनावर बरोबरीच्याशी पळावे, हा विचार चांगला आहे. पण गट आहे म्हणून कोवळा खोंड उतरवलाच पाहिजे असे नाही. विलायतेत कुत्र्यांच्या अडथळा-शर्यती होतात. कुत्रे उड्या मारते, बोगद्यातून जाते, मालक शेजारून धावत त्याला दिशा दाखवतो. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात या खेळाचा पहिला जाहीर प्रयोग झाला. तिथे अठरा महिन्यांच्या आतले कुत्रे शर्यतीत उतरवता येत नाही. कुत्रे वर्ष-दीड वर्षात वाढते, तरी त्याच्यासाठी एवढा धीर धरतात. आपला खोंड तर चार-पाच वर्षांनी जुळतो.

पळवण्याआधी थांबायला शिकवा

आपल्याकडच्या पुष्कळ घाटांत गाड्यावर हाकणारा नसतो. पुढे घोडीस्वार, मागे चार बैल आणि रिकामा गाडा. सुटल्यावर जे घडते ते खोंड आधी शिकलेला असतो त्यावरच. पळणे त्याच्या रक्तात आहे. सरळ पळणे आणि वर पोचल्यावर थांबणे मात्र शिकवावे लागते. अपघात पुष्कळदा घाटमाथ्यावर होतात, उधळलेले बैल धरताना.

म्हणून पहिले दोन महिने हाकेचे शिक्षण द्या. नावाने हाक मारा, थांबला की मानेवरून हात फिरवा, मूठभर पेंड द्या. वेसण ओढून थांबवलेला खोंड वेसणीला भितो आणि वेसण सुटली की उधळतो. हाकेने थांबणारा खोंड वेसण सुटली तरी थांबतो. रोज सकाळी मऊ रानातून तासभर चालवा. मग चढावर चालवा. धाव आठवड्यातून एक-दोनदाच, तीही थोड्या अंतराची. पहिल्यांदा जुंपताना शेजारी जाणता, शांत बैल द्या. नवखा खोंड माणसापेक्षा बैलाकडूनच लवकर शिकतो.

त्याचे डोळे आणि कानही समजून घ्या. बैलाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते. फक्त बरोबर मागचे दिसत नाही. मागून अचानक हात लावला की तो लाथ झाडतो तो म्हणूनच. जमिनीवरची सावली त्याला खड्ड्यासारखी भासते. आपल्याला ऐकू न येणारा बारीक, चिरका आवाजही त्याला ऐकू येतो. घाटावर कर्णे वाजतात, भंडारा उधळतो, हजारो माणसे एकदम ओरडतात. हे सारे नव्या खोंडाने पहिल्यांदा जुवाखाली असताना ऐकू नये. त्याआधी दोन-तीन यात्रांना त्याला नुसते घेऊन जा. लांब झाडाखाली बांधा, वैरण टाका. गोंधळात उभा राहून तो रवंथ करू लागला, की समजा त्याची भीती मोडली.

खुराकाची घाई नको

यात्रा जवळ आली की घरात अंडी, दूध, तूप, बदाम, उडदाची डाळ यांची रेलचेल होते. वहिनी, मावशी, हे तुमच्यासाठी लिहीत आहे, कारण गोठ्याची खरी नजर तुमची. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. त्याचे पहिले पोट वैरणीसाठी बनलेले आहे. एकदम भरपूर पीठ किंवा भरड पडली की त्यात आंबट तयार होते, रवंथ बंद पडते, पोट फुगते. फुगलेले पोट फुप्फुसांवर दाबते, आणि मग पळणार कसा?

हिरवी व कोरडी वैरण पोटभर, खुराक दीड-दोन किलो दोन वेळांत विभागून, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, थोडे मीठ आणि मनसोक्त स्वच्छ पाणी, एवढे नव्या खोंडास पुरते. काही बदलायचे तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदला. नळीने जबरदस्तीने काहीही पाजू नका. घोट चुकला की ते फुप्फुसात जाते आणि चांगला बैल न्यूमोनियाने हातचा जातो.

लसींचेही तसेच. लाळ्या-खुरकताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. लम्पीचे लसीकरणही चुकवू नका. २०२२ साली त्या रोगाने राज्यभर जनावरे गेली आणि बाजार, शर्यती बंद ठेवाव्या लागल्या. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे यात्रेच्या आदल्या दिवशी टोचलेली लस यात्रेसाठी उपयोगाची नाही. कानात बिल्ला असू द्या. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची ने-आण करता येत नाही.

यात्रेच्या दिवशी

शक्यतो आदल्या संध्याकाळीच पोचा. टेम्पोत पेंढा किंवा वाळू अंथरा, नाहीतर खूर घसरतात. सकाळी हलकी वैरण बारीच्या तीन-चार तास आधी द्या. घाटाची माती पायाखालून स्वतः पाहून या. दगड, खड्डा, ओल दिसली तर कमिटीला सांगा.

निवांत उभ्या बैलाचा श्वास मिनिटाला १० ते ३० असतो. कुशीची हालचाल मोजली की कळते. अंगाचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. दोन्ही घरी मोजून वहीत लिहून ठेवा. बारी झाल्यावर खोंडाला सावलीत हळूहळू फिरवा, थोडे थोडे पाणी द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. श्वास पहिल्यासारखा झाला नसेल तर त्या दिवशी दुसरी बारी नाही. तोंड उघडे, जीभ बाहेर, तोंडाला फेस असे दिसले तर तो उष्माघात समजा. सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तेथल्या पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ हा फोन क्रमांकही पशुवैद्यकीय मदतीसाठी आहे, तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

चार घरांचा गाडा

गाड्याला चार बैल लागतात आणि ते बहुधा चार घरांचे असतात. त्यामुळे खोंड पळवायचा की नाही, हा प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाही. कारेगावच्या एका घरातली गोष्ट सांगतो. नातवाने वर्षभर खोंड तयार केला होता. कंपनीची रात्रपाळी करून पहाटे त्याला फिरवायचा. टोकन लागले, पाहुणे आले, वाजंत्री आली. बारीला दोन गाडे उरले असता आजोबांनी खोंडाचा मागचा पाय उचलून पाहिला. खुराच्या बेचक्यात जखम होती आणि पाय गरम लागत होता.

“आबा, बारीकशी तर आहे. वर्षाचं काम आहे माझं,” नातू म्हणाला.

“वर्षाचं काम घरी परत न्यायचंय का इथंच टाकायचंय, ते तू ठरव,” म्हातारा म्हणाला.

जोडीदार नाराज झाले. दोघे तर तोंडावर बोलले, की गाडा बुडवला. पोराने काहीच उत्तर दिले नाही. त्याने स्वतःच दोर सोडला आणि खोंड झाडाखाली नेला. जोडीदारांनी ऐनवेळी दुसरा बैल मागून बारी मारली, नंबर काही आला नाही. पुढच्या वर्षी तोच खोंड चौसा होऊन घाटावर आला. सरळ पळाला आणि माथ्यावर हाकेसरशी उभा राहिला. फळीफोड झाला नाही, घाटाचा राजा तर नाहीच. पण संध्याकाळी त्याच चार घरांनी पुढच्या यात्रेचा गाडा ठरवला, आणि तो खोंड आधी धरला. थांबणारा बैल किती मोलाचा, हे गाडामालकांना सांगावे लागत नाही.

तेव्हा पहिल्या बारीकडून बक्षिसाची अपेक्षा ठेवू नका. मोठ्या शर्यतींत ट्रॅक्टर, मोटारसायकली लागतात, पण त्या मोजक्यांनाच मिळतात. त्या भरवशावर कर्ज काढू नका, शेतीचा पैसा बैलात अडकवू नका. खोंड सरळ पळाला, सुखरूप थांबला आणि रात्री घरी येऊन वैरण खाऊ लागला, तर पहिली बारी साधली असे समजा.

यंदाच्या यात्रेला निघण्यापूर्वी आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा खोंड दाखवून आणा, आणि बारीच्या वेळी घरातल्या मुलांना धावपट्टीच्या कडेला नव्हे, बांबूच्या आडोशामागे, उंचावर उभे करा.