तिखटाची गोडी, अश्रूंची चव

झणझणीत लावणी, चुरचुरीत संवाद, खमंग लेख... कलाकृतीला दाद देताना मराठी माणूस थेट स्वयंपाकघरात शिरतो. ही केवळ भाषेची गंमत नाही. नाका-डोळ्यांतून पाणी वाहत असताना ठेच्याचा आणखी एक घास घेणे आणि रडवणारे नाटक पुन्हा पाहायला जाणे, या दोन्हींमागे मनाची एकच खोड असल्याचे काही मानसशास्त्रज्ञ मानतात.

आधी जिभेवर काय घडते ते पाहू. विज्ञानाच्या दृष्टीने तिखट ही चव नसून वेदना आहे. मिरचीतले कॅप्सेसिन मज्जातंतूंवरील ‘टीआरपीव्ही-१’ या रिसेप्टरला चिकटते. एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने हा रिसेप्टर जागा होतो आणि मेंदूला भाजण्याची सूचना देतो. तो शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. थोडक्यात, ठेचा खाताना तोंड भाजत नसते. भाजल्याचा भास होत असतो.

हा भास आवडतो कसा? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या आवडीला ‘निरुपद्रवी आत्मपीडन’ अशा अर्थाचे नाव दिले. शरीर घाबरते, पण खरा धोका नाही हे मनाला ठाऊक असते. त्या जाणिवेतच मौज असते. २०१३ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी तिखट खाण्याच्या पंक्तीला दुःखी गाणी आणि भयपटही बसवले.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रानेही नाटकातील रस समजावताना स्वयंपाकाचाच दाखला दिला आहे. नाना व्यंजनांच्या मिलाफातून जेवणाला रस येतो, तसा नाना भावांतून नाट्याला. मिरची तेव्हा भारतात नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर १६ व्या शतकात आली. पण करुण आणि भयानक या रसांचाही आस्वाद घेता येतो, हे भरताने ओळखले होते.

मात्र या आनंदाला एक अट आहे: वेदना स्वखुशीची आणि आवाक्यातली हवी. १६ व्या शतकातल्या मेक्सिकोतील ‘कोडेक्स मेंडोझा’ या चित्रग्रंथात अकरा वर्षांच्या मुलाला मिरच्यांच्या धुरीची शिक्षा देणारा बाप दिसतो. मिरची तीच, पण लादली गेली की तिचा छळ होतो. आवाक्याचेही तसेच. २०२३ मध्ये अमेरिकेत अतितिखट चिप खाण्याच्या ‘चॅलेंज’नंतर १४ वर्षांचा मुलगा दगावला. त्याला हृदयाचा जन्मजात दोष होता. मृत्यूच्या कारणात कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेचीही नोंद झाली.

म्हणून पैजेवर तिखट खाऊ नये, मुलांना तर मुळीच खायला लावू नये. सवयीने रिसेप्टर बोथट होत जातात, त्यामुळे एकाला सपक लागणारा रस्सा दुसऱ्याला सोसत नाही. यात मर्दुमकी नाही की नाजूकपणाही. आम्लपित्त किंवा मूळव्याधीचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावे. तोंड पोळलेच तर पाण्याचा फारसा उपयोग नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे. त्यातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते.

नाटक असह्य झाले तर प्रेक्षकाला उठून जाता येते. ताटासमोर बसलेल्यालाही ती मोकळीक असली, तरच तिखटाची गोडी टिकते.